घंटा गप्प का आहे?

धाराशिव जिल्ह्यात 'मोटार चोरीला गेली' असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा विहिरीवरची मोटार येते, रस्त्यावरची नव्हे. कधी मोटार राहते आणि केबल जाते. केबलीत तांबे असते आणि रात्री शिवारात माणूस नसतो. उघड्यावरच ठेवावी लागणारी, कुलपात न मावणारी वस्तू राखायची कशी? हाच प्रश्न एके काळी रस्त्यावरच्या मोटारवाल्यांनाही पडला होता. त्यांची वस्तू होती बॉनेटच्या टोकावरची धातूची मूर्ती.

ही मूर्ती तिथे आली ती रेडिएटरमुळे. सुरुवातीच्या मोटारींत रेडिएटरचे झाकण समोर, बाहेरच्या बाजूस असे. १९१२ च्या सुमारास या झाकणावर बसवायचा 'बॉइस मोटोमीटर' हा तापमापक निघाला. पाणी किती तापले आहे, हे चालकाला बसल्या जागेवरून दिसू लागले. त्याच झाकणावर शोभेच्या मूर्तीही बसल्या. रोल्स-रॉइसची पंखधारी स्त्री चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने १९११ मध्ये घडवली. डॉज गाडीवर मेंढा आला १९३२ मध्ये. याच डॉज गाड्यांची जुळणी पुढे मुंबईच्या कुर्ल्यात 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स'मध्ये होऊ लागली. ती कंपनी काढणारे वालचंद हिराचंद हे धाराशिवच्या शेजारचे, सोलापूरचे.

मूर्ती एखाददुसऱ्या स्क्रूवर उभी असे. पाना फिरवायला मिनिटही लागत नसे. पण गाडीत बॅटरी होती, भोंगा होता. वायरचा तुकडा आणि एक रिले जोडून घरच्या घरी पहारेकरी उभा करणे हौशी माणसाला अवघड नव्हते. त्यामागची कल्पना मात्र मोटारीहून जुनी आहे.

२१ जून १८५३ रोजी अमेरिकेत बोस्टनजवळच्या सॉमरव्हिलमधील ऑगस्टस रसेल पोप यांना चोरघंटेचे पेटंट मिळाले. दार किंवा खिडकी उघडली की विद्युत परिपथ पूर्ण होई, विद्युतचुंबक हातोडी ओढी आणि पितळी घंटा वाजू लागे. चोराने घाईने दार पुन्हा लावले तरी घंटा थांबू नये, अशीही सोय त्यात होती. १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी हे हक्क विकत घेतले आणि त्यातून मोठा व्यवसाय उभा केला.

या रचनेत एक उणीव आहे. वस्तू हलल्यावर परिपथ पूर्ण व्हायचा असेल, तर आधीच वायर कापणारा चोर सुटतो. बॅटरी उतरली तरी कोणाला कळत नाही. म्हणजे घंटा गप्प असण्याचे अर्थ दोन होतात: सारे ठीक आहे, किंवा घंटाच निकामी झाली आहे. ऐकणाऱ्याला त्यांतला फरक ओळखता येत नाही.

याचे उत्तर रेल्वेत सापडते. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी रुळांतून सतत मंद विद्युतधारा खेळवून तिच्यावर रिले धरून ठेवण्याची पद्धत मांडली. रिले धरलेला असेल तरच मार्ग मोकळा. गाडी आली, रूळ तुटला किंवा बॅटरी संपली, तर रिले सुटतो आणि सिग्नल धोका दाखवतो. इथे 'ठीक आहे' हे सांगायलाच वीज लागते.

मूर्तीसाठी हेच करता येते. एक बारीक वायर मूर्तीच्या बुडाशी अडकवून परत आणायची आणि तिच्यातून रिलेला धारा द्यायची. मूर्ती उचलली की वायर तुटते, रिले सुटतो आणि भोंगा वाजतो. आता हिशेब पाहा. १२ व्होल्टच्या रिलेच्या वेटोळ्याचा रोध ४०० ओहम धरला, तर धारा ३० मिलिअँपिअर होते. ४० अँपिअर-तासांची बॅटरी ५५ दिवसांत रिकामी होईल. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत शोधलेल्या ट्रान्झिस्टरने ही अडचण दूर केली. १० किलोओहमच्या रोधातून येणारी धारा वायर शाबूत असेतो परस्पर बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाते. वायर तुटली की ती ट्रान्झिस्टरच्या बेसकडे वळते, ट्रान्झिस्टर सुरू होतो आणि तो रिलेमार्फत भोंगा वाजवतो. पहाऱ्याचा खर्च केवळ १.२ मिलिअँपिअर, कागदावर तीच बॅटरी पावणेचार वर्षे पुरेल! प्रत्यक्षात ती त्याआधीच आपोआप उतरेल, हे वेगळे.

मोटार कंपन्यांनी पुढे निराळा मार्ग धरला. २००३ पासूनच्या रोल्स-रॉइस फँटममध्ये ती स्त्री बॉनेटच्या आतच उतरते. विहिरीच्या केबलला मात्र अशी आत उतरण्याची सोय नाही. तिला वायरचा पहाराच बरा. विहीर घरापासून ३०० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ६०० मीटर वायर लागेल. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या वायरीचा एवढ्या लांबीला रोध सुमारे ५३ ओहम भरतो. १० किलोओहमपुढे तो नगण्य आहे. बॅटरी स्वतंत्र असल्याने भारनियमनातही पहारा चालू राहतो. ही वायर मोटारीच्या वीजपुरवठ्याला कुठेही जोडायची नाही, एवढे पथ्य कटाक्षाने पाळावे. चतुर चोर दुसऱ्या वायरीने वळसा घालू शकतो, हेही खरे. पण त्याला वेळ आणि उजेड लागतो.

वर्गात एक घट, एक घंटा आणि एक कळ घेऊन मुले परिपथ जोडतात, घंटा वाजते आणि प्रयोग संपतो. तिथे न थांबता एकच प्रश्न विचारून पाहावा: आता घंटा गप्प आहे, ती ठीक आहे म्हणून की बिघडली आहे म्हणून? हे ओळखता येईल असा परिपथ मुलांनी स्वतः जोडला, तर रॉबिन्सन यांची कल्पना त्यांना निराळी शिकवावी लागणार नाही.