कारवाँ, नकाशा आणि निळा ठिपका

‘नकाशा’ हा शब्द आपण मराठीत इतक्या सहजपणे वापरतो की तो दुरून आलेला पाहुणा आहे, याची आठवणही राहत नाही. अरबीतील ‘नक्श’पासून फारसीत ‘नक्शा’ झाला, तिथून तो उर्दूत आणि मराठीत आला. नक्श म्हणजे उमटवलेली खूण, ठसा. आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात मुले ‘नक्शा’ म्हणतात, शेजारच्या मराठी शाळेत ‘नकाशा’. वस्तू एकच. अलीकडे मात्र दोन्हीकडची मुले दोन्ही शब्द विसरू लागली आहेत. ती ‘लोकेशन’ म्हणतात. कुणी पत्ता विचारला तर रस्ता सांगत नाहीत, लोकेशन पाठवतात.

हा विषय सुचला एका सहलीतून. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या घरच्या आठ माणसांनी अंबरनाथहून माळशेज घाटमार्गे जुन्नरला जायचे ठरवले. झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी भाड्याने घेतली. अशा गाडीला आता सगळे ‘कॅराव्हॅन’ म्हणतात. २०२१ साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. निघताना मामूंनी पेटीतून ठाणे जिल्ह्याचा घड्या पडलेला कागदी नकाशा काढला, तेव्हा भाचे मंडळी हसली. “मामू, आता याची काय गरज? फोन आहे ना!”

मुरबाडच्या अलीकडे फोनने मुख्य रस्ता सोडून आत वळायला सांगितले. सात मिनिटे वाचणार होती. मामू म्हणाले, “थांबा. या रस्त्याला ओढा आडवा येतो, आणि रात्रभर पाऊस झालाय.” थोडी कुरबुर झाली. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारले, तेव्हा त्याने सांगितले की पुलावरून सकाळपासून पाणी जात आहे. फोन खोटे बोलला नव्हता. रस्ता होता, आणि तो जवळचाही होता. फोनच्या पडद्यावर ओढ्याची रेघ इतकी फिकट होती की कुणाला दिसलीच नाही. मामूंच्या कागदावर मात्र ती ठळक निळी होती.

त्या दिवसापासून मी या दोन साधनांचा इतिहास वाचू लागलो.

आम्ही ज्या दिशेने निघालो होतो, ती वाट फार जुनी आहे. प्राचीन कल्याण बंदरात उतरलेला माल मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून जुन्नरला जात असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, आणि जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. तो जकातीसाठी होता असे मानतात. त्या वाटेवरून जाणाऱ्या कारवाँकडे कागद नव्हता. नकाशा वाटाड्याच्या डोक्यात असे: पाणी कुठे, चढ कुठे, रात्री मुक्काम कुठे. बदलापूरच्या नावाबद्दलही असेच सांगतात की इथे प्रवासात घोडे बदलले जात, म्हणून ते बदलापूर. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा किती टिकेल हा प्रश्न वेगळा. पण लोकांनी गावाचे नावसुद्धा वाटेच्या उपयोगावरून समजून घेतले, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

‘मी कुठे आहे?’ हा प्रश्न आपल्या परंपरेत केवळ व्यापाऱ्यांचा नव्हता. किब्ल्याची दिशा ठरवायची तर आपले गाव पृथ्वीवर नेमके कुठे आहे, हे ठाऊक असावे लागते. अल्-बेरूनीने इ.स. १०२५च्या सुमारास गझनी शहराचे अक्षांश-रेखांश आणि किब्ला ठरवण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते हे मोजून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. १२व्या शतकात अल्-इद्रीसीने सिसिलीच्या राजा रॉजरसाठी जगाचा नकाशा केला, तो ११५४ साली पूर्ण झाला. त्यात दक्षिण वरच्या बाजूला आहे. म्हणजे नकाशात वर काय आणि खाली काय, हेसुद्धा माणसानेच ठरवलेले असते.

हिंदुस्थानच्या आधुनिक नकाशाची गोष्ट १७६७ साली सुरू झालेल्या ‘सर्व्हे ऑफ इंडिया’ची आहे. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांच्या साह्याने सारा देश मोजायला घेतला. सुमारे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र डोंगरांवर, देवळांच्या शिखरांवर चढवत हे काम चालले. लॅम्ब्टनचा मृत्यू १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला झाला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने काम हाती घेतले, आणि त्याचे नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले. पण त्याच्या हाताखाली एक आर्काटचा कारागीर होता, सय्यद मीर मोहसिन हुसैन. मोजणीची नाजूक यंत्रे उघडणे, दुरुस्त करणे, पुन्हा अचूक करणे हे त्यांचे काम. त्यांची योग्यता ओळखून एव्हरेस्टने त्यांच्यासाठी आग्रह धरला, आणि १८४०च्या दशकात ते सर्वेक्षण खात्याचे यंत्रकार झाले. यंत्र चुकले असते तर त्रिकोण चुकले असते, आणि त्रिकोण चुकले असते तर नकाशा. आमच्या मुलांना एव्हरेस्ट पाठ असतो, मीर मोहसिन नसतात.

त्या मोजणीच्या पायावर पुढे स्थलनिर्देशक नकाशे तयार झाले. जुन्या क्रमांकनात ‘४७ ई/४’ हे पत्रक काढले, तर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर एकाच कागदावर येतात. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. उल्हास नदीची वळणे, बारवीचे खोरे, डोंगराच्या समोच्चरेषा, रेल्वेचा रूळ, सगळे एका नजरेत. दुर्दैवाने असे पुष्कळसे नकाशे सामान्य माणसाला मिळणे दीर्घकाळ अवघड होते, कारण नकाशा ही लष्करी बाब मानली जाई. २००५च्या धोरणाने लोकांसाठी वेगळी नकाशामाला आली, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये बहुतेक निर्बंध सैल झाले. पण तोपर्यंत लोकांच्या हातात फोन आला होता.

तो फोनही लष्कराच्याच घरातून आला आहे. अमेरिकेने १९७३ साली जीपीएसची योजना हाती घेतली. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चारांचे संदेश मिळाले की यंत्र आपली जागा काढते. मे २०००पर्यंत नागरिकांसाठी संदेश मुद्दाम ढोबळ केला जात असे. चूक १०० मीटरपर्यंत जाई. आता ती काही मीटरवर आली आहे. आपल्या ‘इस्रो’ने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडले, आणि त्या व्यवस्थेला ‘नाविक’ असे सुंदर नाव मिळाले. घाटात मोबाइलची रेंज गेली तरी उपग्रहांचा संदेश मिळत राहतो, हे अनेकांना माहीत नसते. निळा ठिपका हलत असतो. त्याच्या खालचा नकाशा मात्र उमटत नाही, कारण तो आधी उतरवून घेतलेला नसतो. शिवाय आपली गाडी दहा फूट उंच आहे, रुळाखालच्या बोगद्यात ती अडकेल, हे त्या ठिपक्याला कोण सांगणार?

आता उल्हासनगरचेच पाहा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून उजाडून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. आजही पत्ता कॅम्प नंबर, सेक्शन, बराक नंबर असाच सांगतात. फोनचा ठिपका गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन सोडतो; पुढे बराक विचारावीच लागते. त्या आकड्यांत एका विस्थापित समाजाचा इतिहास आहे.

आणि नदीचे काय? २६ जुलै २००५चा पूर या भागातले लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती दलाच्या जवानांनी, नौदलाने, हवाई दलाने आणि आसपासच्या गावकऱ्यांनी त्या सर्वांना सुखरूप बाहेर काढले. गाडी नेमकी कुठे उभी आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. प्रश्न होता तो भोवताली काय आहे याचा: सखल जमीन कोणती, उंचवटा कुठे, पाणी कोणत्या बाजूने येते.

मला वाटते, सारा फरक इथेच आहे. उपग्रह ‘मी कुठे आहे’ याचे उत्तर देतो. कागद ‘माझ्या भोवती काय आहे’ ते सांगतो. आणि आज, या क्षणी तिथे काय चालले आहे, हे चहावाला सांगतो. त्या दिवशी मुरबाडजवळ आम्हाला तिघांचीही गरज पडली. अमुक चांगले की तमुक, हा वाद म्हणूनच मला फोल वाटतो. गाडी घेऊन निघणाऱ्याने फोनमध्ये नकाशा आधी उतरवून घ्यावा, कागद सोबत ठेवावा, आणि काच खाली करून विचारायला लाजू नये.

सहलीनंतर मी सातवीच्या वर्गाला घर ते शाळा असा नक्शा काढायला सांगितला. पुष्कळांना उत्तर दिशा कुठली, हेच सांगता येईना. मग विचारले, घरात नमाजला कोणत्या भिंतीकडे तोंड करता? ते प्रत्येकाला माहीत होते. आपल्या भागातून किब्ला पश्चिमेच्या थोडा, सुमारे दहा अंश, उत्तरेकडे आहे. म्हणजे किब्ल्याकडे तोंड केले की उजव्या हाताला साधारण उत्तर. सारा वर्ग उभा राहिला आणि उजवे हात लांब झाले. त्यानंतर काढलेल्या नक्शांत एका मुलीने शाळेमागचा नाला निळ्या पेन्सिलने काढला होता, आणि त्याशेजारी उर्दूत लिहिले होते, ‘बारिश में इधर से न आएँ.’

मी तो कागद मामूंना दाखवला. त्यांनी तो आपल्या नकाशाच्या घडीत ठेवून दिला.