पीडीएफमधील छायाचित्र : पिक्सेल किती, इंच किती?

संगणकाच्या पडद्यावर लग्नपत्रिका सुबक दिसते. छापून हाती येते तेव्हा मात्र वधूवरांचे चेहरे धूसर झालेले असतात. दोष बहुधा छापखान्याच्या माथी मारला जातो. वास्तविक त्याचे मूळ पीडीएफ तयार होतानाच्या एका साध्या भागाकारात असते.

'पोर्टेबल डॉक्युमेंट फॉरमॅट' अर्थात पीडीएफ अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणले. २००८ मध्ये ते आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. यात पानाचे मोजमाप 'पॉइंट'मध्ये होते. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. ए-४ आकाराचे पान सुमारे ५९५ बाय ८४२ पॉइंट भरते. छायाचित्र मात्र पिक्सेलचे बनलेले असते. ते पानावर किती जागा व्यापेल, हे पीडीएफ तयार करणारे सॉफ्टवेअर ठरवते. छायाचित्राच्या फाइलमध्ये '३०० डीपीआय' अशी नोंद असली, तरी काही सॉफ्टवेअर ती वाचतात, काही एका पिक्सेलला सरळ एक पॉइंट मानतात, तर वेबपानावरून पीडीएफ करणारी अनेक सॉफ्टवेअर इंचाला ९६ पिक्सेल धरतात.

उदाहरणार्थ, १२०० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र चार इंचांत बसवले, तर इंचाला ३०० पिक्सेल पडतात. तेच आठ इंचांत ताणले, की १५० उरतात. आणि पिक्सेलला पॉइंट मानले, तर रुंदी साडेसोळा इंचांहून अधिक होते. ए-४ पान जेमतेम सव्वाआठ इंच रुंद असते! फाइलमधील '७२' हा आकडा बदलून '३००' केल्यानेही नवा तपशील निर्माण होत नाही, हे अनेकांना उमगत नाही.

गुळगुळीत कागदावरील छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल ही रूढ अपेक्षा आहे. वृत्तपत्राच्या कागदावर ठिपक्यांची जाळी विरळ असल्याने १७० ते २०० पुरतात. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरच्या पासपोर्ट छायाचित्राला ३०० च्या हिशेबाने ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात, म्हणजे मोबाइलवरील छायाचित्रही त्याला पुरून उरते. घोटाळा होतो तो 'फाइल लहान करा' हा पर्याय निवडल्यावर. त्यात बहुधा पिक्सेलच कमी केले जातात आणि ते त्या फाइलमधून परत मिळत नाहीत. मूळ छायाचित्र म्हणूनच वेगळे जपून ठेवावे.

छापायला देण्यापूर्वी पीडीएफ पडद्यावर ३०० ते ४०० टक्के मोठी करून पाहावी. तेव्हा चेहऱ्यांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागल्या, तर छायाचित्र लहान आकारात बसवावे अथवा मूळ फाइल मागवावी.