पाणचक्की : वाटसरूंच्या मुक्कामाचा इतिहास

१/ छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आज यंत्राचे नवल म्हणून पाहिली जाते. परंतु खाम नदीच्या काठी, महमूद दरवाज्यालगतचे हे जाते फिरत असे ते मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांच्या अन्नासाठी. हा परिसर एकेकाळी वाटसरूंचे घर होता.

२/ मलिक अंबरने १६१० साली वसवलेली खडकी औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाली. पुढे १६८१ मध्ये तो बादशहा म्हणून दख्खनेत उतरला आणि त्याच्या फौजांसोबत मध्य आशियातील तुराणी सरदार, शिपाई व फकीर या शहरात येऊ लागले.

३/ त्यांत नक्शबंदी परंपरेचे दोन सूफी होते. दोघेही बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानशी संबंधित. गुरू बाबा पलंगपोश, म्हणजे बिबट्याचे कातडे पांघरणारे, गाजीउद्दीन खान फिरोजजंगच्या लष्कराबरोबर हिंडत. शिष्य बाबा शाह मुसाफिर मात्र औरंगाबादेत स्थिरावले. नाव मुसाफिर, आणि काम इतर मुसाफिरांना आसरा देण्याचे!

४/ तीर्थक्षेत्री धर्मशाळा, व्यापारी वाटेवर सराई, तशी सूफींची तकिया. मध्य आशियातून हजला निघालेले अनेक जण हिंदुस्थानातून जात आणि सुरतेला जहाज गाठत. परक्या मुलखात आपली भाषा बोलणारा यजमान, निवारा आणि ताटात अन्न मिळणे ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

५/ या घराला रक्ताचे वारस नव्हे, तर शिष्य सांभाळत. १७१५ मध्ये बाबा मुसाफिर निवर्तले आणि शाह महमूद गादीवर आले. त्यांनीच दोन्ही गुरूंच्या आठवणी ‘मल्फूजात-इ-नक्शबंदिया’ या फारसी ग्रंथात संकलित केल्या. राजे आणि लढायांपलीकडचे औरंगाबाद त्यात भेटते.

६/ विनामूल्य पाहुणचाराचा खर्च कोण सोसणार? तुराणी सरदारांच्या देणग्यांवर तो चाले. पहिल्या निजामाचे घराणेही मध्य आशियातलेच, त्यामुळे हे नाते अधिकच घट्ट होते. तरीही एक अडचण पैशाने सहज सुटणारी नव्हती : रोज इतके दळण दळायचे कोणी?

७/ तिचे उत्तर पाण्याने दिले. शहराबाहेरील डोंगराळ भागातून मातीच्या नळांच्या भूमिगत नहरीने पाणी आणले गेले. ते उंच भिंतीवर चढते आणि हौदात कोसळते. त्याच्या जोरावर खालचे पाते फिरते, आणि पात्याबरोबर वरचे जाते. सरदार तुर्कताज खानाच्या साहाय्याने हे काम १७४४ च्या सुमारास पूर्णत्वास गेले.

८/ हौदाखाली कमानींचे प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत! वर पाण्याचा साठा असल्याने मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही आतला गारवा टिकतो. एकाच पाण्याने पाहुण्याच्या भुकेची सोय केली आणि उन्हापासून त्याचा बचावही केला.

९/ १७६२ मध्ये शाह महमूद निवर्तले आणि १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली. सरदार गेले, त्यांच्यामागे आश्रय गेला. वास्तू उरली, पण तिचे मूळ प्रयोजन हळूहळू ओसरले.

१०/ जतनाचा विचार करताना आपली नजर बहुधा हौद, कारंजी आणि मशिदीवर थांबते. या घराचा प्राण मात्र जमिनीखालच्या नहरीत आहे. शहर वाढले तसा तिच्यावर बांधकामांचा भार वाढला. नहर आटली तर भिंती उभ्या राहतील, पण इथे पाहुण्याला आसरा कशाच्या बळावर मिळत होता, हे सांगणारा पुरावाच नाहीसा होईल.