बाडुगी
पोकरचा चार पानांचा प्रकार. यात सर्वांत लहान हात जिंकतो आणि खेळाडूला तीन वेळा पाने बदलता येतात. उगम सहसा कोरियात मानला जातो, पण त्याबद्दल एकमत नाही. इंटरनेटवरील पोकरमुळे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो जगभर पसरला. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये २०२३ साली बाडुगीची विजेत्याला ब्रेसलेट देणारी स्वतंत्र स्पर्धा झाली.

तीन पत्तीतला मुफलिस, म्हणजे लहान हात जिंकणारा प्रकार, खेळलेल्यांना लहान पानांचे मोल सांगावे लागत नाही. बाडुगीत त्यात आणखी एक अट येते : चारही पाने वेगवेगळ्या अंकांची आणि वेगवेगळ्या रंगांची हवीत, म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर यांचे प्रत्येकी एकच पान. अशा हातालाच ‘बाडुगी’ म्हणतात. एक्का सर्वांत लहान धरतात, त्यामुळे चार रंगांतील एक्का, दुर्री, तिर्री आणि चव्वी हा सर्वोत्तम हात ठरतो. ओळीने आलेल्या पानांना वेगळी किंमत नाही. तुलना वरच्या पानापासून सुरू होते : ७-५-४-२ हा हात ७-६-२-१ ला हरवतो.

नवशिक्याचा गोंधळ होतो तो बाडुगी न जुळलेल्या हातात. जोडीतले किंवा रंग जुळणारे पान मोजायचे नाही; उरलेल्या पानांचा हात धरायचा. तीन पानांचा कोणताही हात दोन पानांच्या हातापेक्षा श्रेष्ठ आणि चारांचा तीनांपेक्षा. समजा, हातात इस्पिकची तिर्री, बदामची तिर्री, इस्पिकची अठ्ठी आणि किलवरची दुर्री आहे. सवयीने अठ्ठी खुपते आणि ती बाजूला काढावीशी वाटते, पण मग तिर्र्यांची जोडी उरते आणि हात दोन पानांवर येतो. इस्पिकची तिर्री बाद केली, तर जोडीही सुटते आणि रंगाचाही प्रश्न मिटतो. ८-३-२ असा तीन पानांचा हात मिळतो. पाने उघडताना हाच हात धरला जातो. असे पंचवीस-तीस हात मांडून नुसते ते वाचण्याचा सराव पैशांआधी करावा. नियमांच्या यादीपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

डावाची रीत साधी आहे. वाटणाऱ्याच्या डावीकडचे दोघे ठरलेली रक्कम आधीच टाकतात. प्रत्येकाला चार पाने झाकून मिळतात, मग चालीची फेरी, मग पाने बदलणे, असे तीनदा. शेवटी चौथी फेरी आणि उघडणी. बदलताना शून्य ते चार पाने टाकता येतात. बहुधा चालीची रक्कम ठरलेली असते आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत ती दुप्पट होते.

आकडे पाहिले की खेळाचा स्वभाव कळतो. चार पानांच्या २,७०,७२५ संभाव्य हातांपैकी १७,१६० हातच आयत्या बाडुगीचे, म्हणजे साधारण सोळा डावांत एक. सर्वोत्तम बाडुगी आयती मिळणारे हात फक्त २४. तीन वेगळ्या रंगांची एक्का, दुर्री, तिर्री असेल, तर न दिसलेल्या ४८ पानांत कामाची पाने दहा. एका बदलात बाडुगी जुळण्याची शक्यता एकवीस टक्क्यांच्या आसपास, तिन्ही संधी धरून जेमतेम एक्कावन्न. सुंदर तीन पाने पाहून हुरळणाऱ्याने हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा.

पण आकडे हा खेळाचा अर्धाच भाग. प्रतिस्पर्ध्याची पाने कधीच उघडी नसतात. त्याने किती बदलली एवढेच दिसते, आणि सगळा खेळ त्यावर चालतो. म्हणून शेवटी बसलेल्याचा फायदा इतर अनेक पोकरप्रकारांपेक्षा मोठा : समोरचा दोन पाने घेतो की एक, की हात तसाच ठेवतो, हे पाहून तो निर्णय घेतो. हात तसाच ठेवण्याला खेळाडू ‘पॅट’ म्हणतात. हातात काहीच नसताना पॅट राहून चाली वाढवत नेण्याला ‘स्नो’ म्हणतात. हा बाडुगीतला सर्वांत देखणा डावपेच, आणि अतिवापराने सर्वांत महागडाही.

जुळलेली बाडुगी मोडावी का, हा शिकणाऱ्यापुढचा खरा कठीण प्रश्न. सगळ्या बाडुगी उतरंडीने लावल्या तर मधली राणीवर येते. पण खेळात टिकणारे लोक लहान पाने धरून बसलेले असल्याने टेबलावरची मधली त्याहून लहान असते. शेवटच्या बदलात समोरचा एक पान घेत असेल, तर राजाची बाडुगीसुद्धा राखावी. त्याचे चौथे पान पाचांपैकी सुमारे चार वेळा जुळत नाही. तोच आधीपासून पॅट असेल आणि चाल वाढवत असेल, तर राजा टाकून नवे पान मागणे शहाणपणाचे, अर्थात खालची तीन पाने चांगली असतील तरच. राजा-राणी-गुलाम अशा हातात मोडण्यासारखे काही उरत नाही. तो सोडून द्यावा.

भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद झाले. गोव्यात परवानाधारक कॅसिनो आहेत. सरावाला घरचा कॅट आणि काड्यापेटीतल्या काड्या पुरतात.

बाडुगीपासून दोन मिश्र प्रकार निघाले : बॅडेसी आणि बॅड्यूसी. दोन्हींत पाच पाने वाटतात आणि पॉट, म्हणजे डावात जमलेली रक्कम, दोन भागांत विभागतात; एक भाग सर्वोत्तम बाडुगीला, दुसरा पाच पानांच्या सर्वांत लहान हाताला. बॅड्यूसीत एक्का मोठा मानतात, त्यामुळे तिथली सर्वोत्तम बाडुगी २-३-४-५ असते.