दूरचित्रवाणी बूस्टर

दूरचित्रवाणी बूस्टर : अँटेनाने पकडलेला क्षीण संकेत दूरचित्रवाणी संचात शिरण्यापूर्वी वाढवून देणारे लहान इलेक्ट्रॉनिक उपकरण. त्याला संकेतवर्धक असेही म्हणतात. बाजारात आणि घरोघरी मात्र ‘बूस्टर’ हाच शब्द रूढ आहे. अँटेना व संच यांच्यामधल्या वायरीवर ते बसवतात. वाढवलेला संकेत पुढे वायरीतूनच जातो, हवेत सोडला जात नाही. मोबाइल फोनचा बूस्टर मात्र संकेत पुन्हा प्रक्षेपित करतो आणि भारतात तो विनापरवाना बसवता येत नाही. नावे सारखी असली, तरी ही दोन उपकरणे वेगळी आहेत.

तत्त्व : अँटेनाच्या टोकांशी मिळणारा विद्युत् दाब काही मायक्रोव्होल्टपासून काही मिलिव्होल्टपर्यंत असतो. जुन्या अनुरूप (अ‍ॅनालॉग) पद्धतीत स्वच्छ चित्रासाठी संचाला साधारण १ मिलिव्होल्ट, म्हणजे ६० डेसिबल-मायक्रोव्होल्ट, इतका संकेत लागे. त्याहून कमी संकेताला वर नेणे हे बूस्टरचे काम. त्याची वाढवण्याची क्षमता, म्हणजे लाभ, डेसिबलमध्ये मोजतात. ६ डेसिबल लाभाने दाब दुप्पट होतो, २० डेसिबलने दहापट. घरगुती बूस्टरांचा लाभ बहुधा १५ ते ३० डेसिबल असतो.

पण चित्र संकेताच्या जोरापेक्षा संकेत व गोंगाट यांच्या गुणोत्तरावर अधिक अवलंबून असते. प्रत्येक विद्युत् मंडलात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची स्वैर हालचाल चालू असते आणि तिच्यातून गोंगाट निर्माण होतो. ७ मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या वाहिनीत, ७५ ओहम रोधाच्या मंडलात व सामान्य तापमानाला हा गोंगाट सुमारे दीड मायक्रोव्होल्ट भरतो. त्याखाली जाता येत नाही. संकेत गोंगाटापेक्षा सुमारे ४४ डेसिबलांनी वर असेल, तर पडदा स्वच्छ दिसतो. अंतर कमी होत गेले की पडद्यावर ‘मुंग्या’ येऊ लागतात. बूस्टर संकेताबरोबर हा गोंगाटही तितक्याच पटीने वाढवतो आणि स्वतःची थोडी भर घालतो. या भरीचे माप म्हणजे नॉइज फिगर. गढूळ पाणी पंपाने गच्चीवर चढवले तरी ते गढूळच राहते. अँटेनापाशीच बिघडलेले गुणोत्तरही कोणताच बूस्टर सुधारू शकत नाही. बूस्टर फक्त पुढची घसरण थांबवतो.

बसवण्याची जागा : ही घसरण मुख्यतः वायरीत होते. आरजी-६ जातीच्या कोअ‍ॅक्सिअल केबलमध्ये ५०० मेगाहर्ट्‌झला दर १०० मीटरमागे सुमारे १५ डेसिबल संकेत मुरतो. वारंवारता वाढेल तशी घट वाढते. केबल जुनी होऊन तिच्यात पाणी शिरले, तर आणखी वाढते. म्हणून बूस्टरची खरी जागा अँटेनाच्या दांड्यावर, शक्य तितकी अँटेनाजवळ, हीच आहे.

वर्धकांच्या मालिकेत एकूण गोंगाट मुख्यतः पहिल्या टप्प्यावर ठरतो, हा नियम हॅराल्ड फ्रीस यांनी १९४४ मध्ये सूत्ररूपात मांडला. समजा, गच्चीपासून संचापर्यंत २० मीटर केबल आहे आणि तिच्यात ३ डेसिबल घट होते. संचाची नॉइज फिगर ७ डेसिबल, बूस्टरची २ डेसिबल आणि बूस्टरचा लाभ २० डेसिबल आहे. बूस्टर नसताना अँटेनापासून मोजलेली एकूण नॉइज फिगर १० डेसिबल होते. तोच बूस्टर संचाच्या मागे लावला तर ती सुमारे ५ डेसिबलवर येते. दांड्यावर लावला तर जेमतेम सव्वादोन डेसिबल राहते. उपकरण तेच, किंमत तीच. केवळ जागा बदलल्याने जवळजवळ ३ डेसिबलांचा फरक पडतो. तरीही शिडी चढायचा कंटाळा आणि पावसाची भीती यांमुळे अनेक घरांत बूस्टर टीव्हीच्या मागेच लटकलेला दिसे.

रचना व प्रकार : दांड्यावरचा बूस्टर पाणी न शिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या डबीत असतो. आत एक-दोन टप्प्यांचे ट्रान्झिस्टर वर्धक मंडल, नको असलेल्या वारंवारता अडवणारी गाळणी आणि रोध जुळवणारे लहान रोहित्र (बालून) असते. अँटेनातील दुमडलेल्या द्विध्रुवाचा (फोल्डेड डायपोल) रोध सुमारे ३०० ओहम, तर कोअ‍ॅक्सिअल केबलचा ७५ ओहम असल्याने ही जुळणी करावी लागते. जुन्या चपट्या दुपदरी वायरीचा रोध ३०० ओहमच असे. त्यामुळे तिला बालून लागत नसे, पण ती भिंतीला किंवा लोखंडी दांड्याला टेकली की संकेत बिघडे. दांड्यावरच्या बूस्टरला वीज देण्यासाठी निराळी वायर नसते. घरातल्या पुरवठापेटीतून १२ किंवा २४ व्होल्टचा एकदिश प्रवाह त्याच केबलमधून वर जातो आणि संकेत खाली येतो.

एकाच वाहिनीसाठी जुळवलेले, एका पट्ट्यासाठीचे आणि सर्व पट्ट्यांना चालणारे असे बूस्टरचे तीन प्रकार पडतात. सर्वपट्टी बूस्टर सोयीचा, पण तो नको असलेले संकेतही आत घेतो. एका अँटेनावरून अनेक संच चालवण्यासाठी वितरण-वर्धक वापरतात. दोन वाटांच्या विभाजकात (स्प्लिटर) प्रत्येक वाटेला सुमारे साडेतीन, चार वाटांच्या विभाजकात सुमारे सात डेसिबल घट होते. ती भरून काढणे एवढेच या वर्धकाचे काम असते. उपग्रह-थाळीच्या तोंडाशी बसणारे एलएनबी हेदेखील मुळात कमी गोंगाटाचे वर्धकच आहे. मात्र ते संकेत वाढवण्याबरोबर त्याची वारंवारता ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झच्या टप्प्यात खाली आणते.

इतिहास व भारतातील वापर : गच्चीवरच्या परिचित अँटेनाचा आराखडा जपानमधील सेंदाई येथे शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास तयार केला. अमेरिकेत १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया, ओरेगन या राज्यांतील डोंगराआडच्या गावांनी उंचावर एक अँटेना उभारून तिचा संकेत वर्धकांच्या मदतीने घरोघरी वायरीने नेला. केबल टीव्हीचा उगम तिथे आहे.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी चालू झाले आणि १९७३ पासून सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दिसू लागले. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण चौथ्या वाहिनीवर, म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात होते. तेथील तरंगलांबी पावणेपाच मीटरच्या आसपास असल्यामुळे अँटेनाच्या आडव्या नळ्या सव्वादोन मीटरहून लांब असत.

या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मुंबई केंद्राचा वरळी येथील मनोरा ३०० मीटर आणि घरावरची अँटेना १० मीटर उंच धरली, तर सपाट प्रदेशात ही रेषा सुमारे ८५ किलोमीटरवर संपते. त्यापलीकडे, तसेच सह्याद्रीच्या घाटांखाली व कोकणातील दऱ्यांमध्ये, संकेत झपाट्याने विरळ होई. अशा ठिकाणी उंच लोखंडी नळ, जास्त कांड्यांची अँटेना आणि बूस्टर हा सरंजाम ठरलेला असे. एकाने गच्चीवर अँटेना फिरवायची आणि दुसऱ्याने खालून ‘आलं’, ‘गेलं’ असे ओरडायचे, ही तेव्हाची सर्वत्र चालणारी चाचणीपद्धत होती. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण आले. रंगाची माहिती वाहणारा उपसंकेत क्षीण झाला की चित्र कृष्णधवल होई. त्यामुळे काठावरच्या गावांत बूस्टरची गरज अधिक जाणवली. १९८४ नंतर देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले, १९९० नंतर केबल आणि पुढे डीटीएच सेवा पसरल्या आणि गच्चीवरचा बूस्टर मागे पडला. वर्धक मात्र नाहीसे झाले नाहीत; ते केबलचालकाच्या पेट्यांमधून इमारतींच्या जिन्यांत आणि विजेच्या खांबांवर गेले.

मर्यादा व दोष : प्रक्षेपकाजवळच्या घरात बूस्टर लावल्यास चित्र सुधारण्याऐवजी बिघडते. जोरदार संकेताने वर्धक आपल्या मर्यादेबाहेर ढकलला जातो आणि दोन वाहिन्यांच्या मिश्रणातून तिसऱ्याच वारंवारतेवर बनावट संकेत तयार होतात. एका वाहिनीच्या चित्रावर दुसरीची सावली सरकताना दिसते. ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झमधील एफएम केंद्र जवळ असले, तरी असेच घडते. त्यावर उपाय म्हणजे बूस्टरच्या आधी गाळणी बसवणे.

दुहेरी प्रतिमेचा, म्हणजे ‘घोस्ट’चा, बूस्टरशी संबंध नसतो. डोंगरावर किंवा उंच इमारतीवर आपटून उशिरा पोहोचलेल्या लहरीमुळे ती दिसते. बूस्टर मूळ लहर आणि परावर्तित लहर दोन्ही वाढवतो. त्यावर अधिक दिशादर्शी अँटेना किंवा अँटेनाची बदललेली दिशा हाच उपाय आहे. वाहनांच्या ठिणग्या, मिक्सर, ट्यूबलाइट यांतून येणारा गोंगाटही अँटेनातूनच आत येतो आणि खालच्या पट्ट्यात तो विशेष असतो. तेथे कितीही कमी नॉइज फिगरचा बूस्टर लावला, तरी फरक थोडाच पडतो.

स्वस्त बूस्टरचा आणखी एक दोष म्हणजे आंदोलन. बाहेर पडणारा संकेत सैल जोडणीतून किंवा उघड्या वायरीतून परत आत शिरला, की वर्धक स्वतःच लहरी निर्माण करू लागतो आणि अँटेनातून त्या बाहेर टाकतो. मग शेजारच्यांच्या पडद्यावरही आडवेतिडवे पट्टे येतात.

अंकीय प्रक्षेपणातील स्थान : अंकीय पद्धतीत मुंग्या येत नाहीत. पुरेसे गुणोत्तर असेपर्यंत चित्र निर्दोष असते; त्याखाली जाताच चौकटी फुटतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा होतो. यासाठी लागणारे गुणोत्तर साधारण १५ ते २० डेसिबल, म्हणजे अनुरूप पद्धतीपेक्षा पुष्कळ कमी असते. त्यामुळे उंबरठ्यावर असलेल्या घरात दांड्यावरच्या बूस्टरने मिळणारे दोन-तीन डेसिबलही निर्णायक ठरू शकतात. सेट-टॉप बॉक्सच्या पडद्यावर ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ अशा दोन पट्ट्या दिसतात. बूस्टर लावून पहिलीच पट्टी वाढली आणि दुसरी जागची हलली नाही, तर बूस्टरचा उपयोग झालेला नाही असे समजावे.

निवड व दक्षता : प्रथम अँटेनाची दिशा, उंची, गंजलेल्या जोडण्या आणि केबल तपासावी, अनेकदा दोष तिथेच सापडतो. त्यानंतर मोठ्या अँटेनाचा विचार करावा, कारण तिच्यामुळे संकेत वाढतो, पण गोंगाट तितका वाढत नाही. एवढे करूनही केबल लांब असेल किंवा संच अनेक असतील, तर बूस्टर घ्यावा. त्या वेळी मोठ्या लाभाच्या आकड्यापेक्षा कमी नॉइज फिगर व जास्त कमाल निर्गम यांना महत्त्व द्यावे; केबल आणि विभाजकांतील घट भरून निघेल त्याहून थोडाच जास्त लाभ पुरेसा असतो. दांड्याला भूसंपर्कन द्यावे. विजा चमकत असताना गच्चीवरील अँटेनाला किंवा तिच्या वायरीला हात लावू नये. दुरुस्तीपूर्वी पुरवठापेटीची वीज बंद करावी; केबलचा गाभा आणि जाळी एकमेकांना टेकल्यास पेटी जळू शकते.