गंगाराम कांबळे यांचे हॉटेल : अस्पृश्यतानिवारणाचा एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील अस्पृश्यतानिवारणाच्या इतिहासात पाणवठा आणि मंदिर ही दोन संघर्षस्थळे प्रामुख्याने समोर येतात. महाडचा १९२७ चा आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह ही त्यांची ठळक उदाहरणे होत. उपाहारगृह हे तितकेच महत्त्वाचे तिसरे स्थळ होय. कोल्हापुरातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हॉटेलची स्थापना :
गंगाराम कांबळे हे कोल्हापूर संस्थानच्या सेवेत होते. उच्चवर्णीयांसाठी राखीव असलेल्या पाण्याच्या हौदाला स्पर्श केल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराजांनी अपराध्यांना शासन तर केलेच. शिवाय गंगाराम यांना नोकरीतून मुक्त करून स्वतंत्र धंद्यासाठी साहाय्य दिले. त्यातून भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभे राहिले.

परंतु ‘महाराचा चहा’ पिण्यास गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी हॉटेलासमोर थांबवून चहा मागवीत व सोबतच्या मंडळींनाही पाजीत. राजानेच चहा घेतल्यावर नकार देणे इतरांना कठीण झाले. शाळा, दवाखाने व सार्वजनिक पाणवठे येथे भेदभाव करू नये, असे हुकूम महाराजांनी १९१९ मध्ये काढले. हॉटेलच्या बाबतीत मात्र त्यांनी हुकमाऐवजी गिऱ्हाइकाची भूमिका स्वीकारली, हे लक्षणीय आहे.

तुलनात्मक विचार :
अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या ट्रेमे वस्तीत १९४१ मध्ये कृष्णवर्णीय चेस कुटुंबाने ‘डूकी चेस’ हे उपाहारगृह सुरू केले. गोऱ्या व काळ्या लोकांनी एकत्र जेवणे निषिद्ध असताना नागरी हक्क चळवळीतील दोन्ही वर्णांचे कार्यकर्ते तेथे एकत्र बसून खलबते करीत. लिआ चेस यांनी तेथील स्वयंपाकघर अनेक दशके सांभाळले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. तेथे वस्तीतील स्वजनांचा आश्रय धंद्याचा आधार होता. गंगाराम यांच्यामागे राजाचा आश्रय होता आणि महाराजांच्या १९२२ मधील निधनाने तो संपला.

निष्कर्ष :
भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ ने दुकाने व उपाहारगृहे यांतील प्रवेश सर्वांना खुला केला. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने प्रवेश नाकारणे दंडनीय ठरविले. हे संरक्षण प्रामुख्याने दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचे आहे. गल्ल्यावर बसलेल्या दलित मालकाचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या दुकानात या, असे कोणताही कायदा कोणास सांगू शकत नाही. म्हणूनच भांडवल मिळाले तरी समाजाने त्याच्या हातचे स्वीकारल्याविना व्यवसायस्वातंत्र्य अपुरेच राहते. भाऊसिंगजी रोडवरील चहाच्या कपाचे ऐतिहासिक महत्त्व हेच होय.