श्रमांतलें रंजन आणि रंजनांतले श्रम

मुंबईच्या उपनगरी आगगाड्यांच्या फलाटांवर एके काळीं वजनाचीं यंत्रें उभीं असत. रंगीत दिव्यांची उघडझांप होई, चकती फिरे, आणि नाणें टाकतांच पुठ्ठ्याचें लहानसें तिकीट खटकन् बाहेर पडे. त्या तिकिटावर वजन आणि भविष्य अशीं दोन्ही छापलेलीं असत. यंत्र करणारानें ही जोडी गमतीखातर जुळविली असेल; परंतु मधुमेह व हृदयविकार आज घरोघर शिरलेले पाहिले म्हणजे त्या जोडींत बराच अर्थ होता असें म्हणावें लागतें.

पु. ल. देशपांडे ह्यांच्या १९५८ सालच्या ‘बटाट्याची चाळ’ ह्या पुस्तकांतील ‘उपास’ हें प्रकरण मराठी वाचकांस सांगावयास नको. एकानें वजन उतरविण्याचा संकल्प सोडावा आणि साऱ्या चाळीनें उपाय सांगण्यास धांवत यावें, असें तें चित्र आहे. त्यांतील विनोद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. वजनाकडे डोळे लावून धरलेलें व्रत बहुधा लवकर मोडतें. उलट, दुसऱ्याच कशाच्या तरी ओढीनें लागलेला नाद वर्षानुवर्षें टिकतो, आणि जातां जातां देहाचा भारही आटोक्यांत ठेवण्यास हातभार लावतो. अशा अनपेक्षित नादांचा आणि संवयींचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे. आणि तो विशेषेंकरून अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ह्या बाजूच्या मराठी घरांच्या संदर्भांत करावयाचा आहे.

लठ्ठपणाची चिंता नवी आहे असें कोणी समजूं नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत जे आठ प्रकारचे देह निंद्य म्हणून सांगितले आहेत, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश ह्या दोहोंची गणना आहे. स्थौल्य कमी करण्यास तेथें जे उपाय सांगितले आहेत त्यांत व्यायाम तर आहेच. परंतु जागरण आणि चिंतन हेही आहेत! चिंतनानें देह झडतो हें वाचून आमच्यासारख्या अध्यापकाच्या जिवास बरें वाटतें खरें. पण आजचें शास्त्र तें सुख फार वेळ टिकूं देत नाहीं. स्वस्थ बसलेल्या शरीराच्या ऊर्जेपैकीं सुमारें पांचवा हिस्सा मेंदू खातो हें खरें. मात्र कूट प्रश्न सोडवितांना त्यांत पडणारी भर अगदीं थोडी असते. जागरणाची गोष्ट तर उलटच ठरली आहे. नित्य अपुरी झोंप मिळाली म्हणजे भूक वाढते, असें आतां दिसून आलें आहे. तेव्हां वेळेवर निजणें ही वजनास हितकारक अशी एक संवय आहे, आणि ती कोणाच्या ध्यानींमनीं नसते.

व्यायामानें भूक वाढते ह्याचाही एक जुना दाखला आहे. विल्यम बँटिंग हा लंडनचा एक प्रतिष्ठित गृहस्थ. राजघराण्यांतील अंत्यविधींची व्यवस्था पाहणें हा त्याच्या घराण्याचा व्यवसाय. लठ्ठपणानें तो इतका गांजला कीं, वैद्याच्या सल्ल्यानें रोज पहाटे नदींत नाव वल्हवूं लागला. त्यानें दंड बळकट झाले, आणि भूकही तितकीच बळकट झाली! शेवटीं पाव, साखर, बटाटे व बिअर हीं सोडल्यावर त्याचें वजन उतरलें, आणि १८६३ सालीं त्यानें तो अनुभव छापून प्रसिद्ध केला. ताटाकडे दुर्लक्ष करून केवळ नादाच्या भरंवशावर वजन उतरवूं पाहणारानें बँटिंगची ती नाव विसरूं नये.

तथापि श्रमांचा आणि वजनाचा संबंध नाहीं असें मात्र नव्हे. झां मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पश्चिम बंगालमधील एका तागाच्या गिरणींतील नोकरांची पाहणी करून १९५६ सालीं ती प्रसिद्ध केली. अंगमेहनत करणारे मजूर पुष्कळ खात, पण त्यांचीं वजनें कमी असत. बैठें काम करणारे लोकही मजुरांच्या तोडीचें खात, आणि त्यांचीं वजनें मात्र जास्त भरत. श्रम कांहीं मर्यादेच्या खालीं गेले म्हणजे भूक त्यांच्याबरोबर खालीं उतरत नाहीं, असा ह्या पाहणीचा निष्कर्ष होता. त्याच वर्षीं लंडनमध्यें जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं बसगाड्यांवरील नोकरांच्या गणवेशांचीं मापें तपासलीं. दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांच्या विजारी कमरेंत रुंद, तर दुमजली गाडीचा जिना दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरांच्या अरुंद, असें त्यांस आढळलें. हा फरक तरुण नोकरांतही दिसला. तेव्हां तो सर्वस्वीं जिन्याच्याच पदरीं घालणें न्यायाचें होणार नाहीं. पण कंडक्टर तिकिटें फाडण्यासाठीं जिना चढत होता, वजनासाठीं नव्हे, हा मुद्दा लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

आतां आपल्या उपनगरांकडे वळूं. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. पश्चिमेकडील लोहमार्गावर विरारहून मुंबईस १८६७ सालीं गाडी येऊं लागली, आणि १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. ह्या रुळांच्या आधारानें चाकरमान्यांचीं बिऱ्हाडें वाड्या-शेतांच्या सोबतीनें वसत गेलीं, आणि १९५० व १९५७ ह्या दोन सालीं हा सारा भाग टप्प्याटप्प्यानें मुंबई महापालिकेंत सामील झाला. जुन्या बिऱ्हाडांत पुरुषानें स्टेशन पायीं गांठावें आणि बाईनें विहिरीचें पाणी ओढावें, पाट्यावर वाटावें, धुणें आपटावें, असा दिनक्रम असे. त्याआधींच्या पिढींत तर पहाटेचें जातें होतेंच. पुढें पिठाची गिरणी आली, नळ आले, मिक्सर आला, लिफ्ट आली, दाराशीं रिक्षा आली. २०१४ पासून घाटकोपर ते अंधेरी-वर्सोवा हा सुमारें साडेअकरा किलोमीटरांचा प्रवास मेट्रोच्या थंडगार डब्यांतून होऊं लागला. ह्यांतील एकही सोय नाकारावी असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु प्रत्येक सोयीनें देहाच्या कांहीं हालचाली काढून घेतल्या, आणि ताटांतील पोळी मात्र आहे तेवढीच राहिली.

मराठी देहाची ह्यांत एक विशेष अडचण आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघां मित्रांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचींच शरीरें तोलून दाखविलीं. उंचीशीं वजनाचें प्रमाण दाखविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु युडकिन ह्यांच्या देहांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहांत २१.२ टक्के! म्हणजे आपल्याकडील माणूस कांट्यावर सडपातळ भरला तरी आंतून स्थूल असूं शकतो. कांट्याच्या आंकड्याहून चालत्या-फिरत्या स्नायूंची काळजी आपण अधिक घ्यावयास हवी, ती ह्यासाठीं.

ही काळजी घेण्याचे मार्ग आपल्या घरांत होतेच. श्रावणांतील मंगळागौर पहा. नवविवाहितेनें लग्नानंतरचीं पहिलीं पांच वर्षें मंगळवारीं गौर पुजावी आणि सख्यांनीं मिळून रात्र जागवावी, असा हा कुळाचार. त्या जागरणांतील खेळ व्यायामाच्या दृष्टीनें एकदां न्याहाळून पहावे. फुगडींत दोघींनीं हातांस हात गुंफून, पावलें जुळवून, मागें रेलून गरगर फिरावयाचें. त्यांत पायांचा, पाठीचा आणि तोलाचा कस लागतो. बसफुगडींत उकिडवें बसून एकेक पाय पुढें टाकावयाचा, म्हणजे मांड्यांना बैठकांचीच मेहनत. झिम्म्यांत टाळी आणि पाऊल ह्यांचा मेळ, पिंग्यांत कमरेचें लवणें, कोंबड्यांत उड्या. आणि हें सारें तोंडानें गाणें म्हणत, म्हणजे दमाचीही परीक्षा! वर्षांतील एका रात्रीच्या खेळानें वजन उतरत नाहीं, हें उघड आहे. परंतु अलीकडे उपनगरांत ह्या खेळांचीं मंडळें निघालीं आहेत. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रिया श्रावणापूर्वीं कित्येक आठवडे तालीम करतात, इतरांच्या घरीं जाऊन खेळ सादर करतात, स्पर्धांत उतरतात. २०२३ सालीं आलेल्या ‘बाईपण भारी देवा’ ह्या केदार शिंदे ह्यांच्या चित्रपटांत सहा बहिणींना एकत्र आणणारें निमित्त मंगळागौरीची स्पर्धाच आहे. कुळाचार येथें छंद झाला, आणि छंद म्हणून तो अधिक वेळां खेळला जाऊं लागला.

दुसरा मार्ग बोरिवलीच्या अरण्यांत जातो. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें हें राष्ट्रीय उद्यान शहराच्या कुशींत आहे, आणि त्याच्या पोटांत कान्हेरीचीं शंभराहून अधिक लेणीं आहेत. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकापासून पुढें हजार वर्षें येथें भिक्षूंचा राबता होता. भिक्षेसाठीं पायीं हिंडावें आणि विनयाच्या नियमाप्रमाणें दुपारनंतर अन्न घेऊं नये, हा त्यांचा आचार. त्याचा हेतु वैराग्य हा होता, कंबर नव्हे. आज दरवाजापासून लेण्यांपर्यंतचा सहा-सात किलोमीटरांचा रस्ता आणि पुढील खोदीव पायऱ्या कोणी ब्राह्मी लिपीच्या ओढीनें चढतो, कोणी पक्ष्यांच्या ओढीनें. पक्षी पाहणाऱ्यास पहाटे उठावें लागतें, म्हणून रात्रीं लवकर निजावें लागतें. हातीं दुर्बीण असल्यामुळें फरसाणाचा पुडा धरतां येत नाहीं. आणि एका पाखराच्या मागें चार टेकाडें केव्हां ओलांडलीं हें ध्यानींही येत नाहीं. गच्चीवरील बाग, भिंतींना रंग देणें, वाद्यपथकांत ढोल वाजविणें, ह्या नादांचेंही असेंच आहे.

असे नाद उपयोगी कां पडावेत, ह्याचें थोडें स्पष्टीकरण शास्त्रांत मिळतें. अमेरिकेंतील जेम्स लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं सोळा माणसांस आठ आठवडे रोज एक हजार कॅलरी जादा खावयास घातल्या. कोणाच्या अंगावर अर्ध्या किलोहूनही कमी चरबी चढली, तर कोणाच्या अंगावर चार किलोंहून अधिक. हा फरक ठरविण्यांत व्यायामशाळेचा वाटा नव्हता. उठणें, बसणें, चुळबुळ करणें, उभें राहणें ह्या नकळत होणाऱ्या हालचालींचा होता. छंद अशाच हालचाली वाढवितो. रिकामी सायंकाळ भरून काढून तोंडाचें चाळवणें थांबवितो. आणि सोबत्यांची वेळ दिलेली असल्यामुळें आळसास सबब उरूं देत नाहीं. ह्यापलीकडे त्याच्यापासून चमत्काराची अपेक्षा करूं नये. कान्हेरीहून उतरतांच दोन वडापाव खाल्ले कीं टेकडी फुकट गेली! शिवाय स्थूलता हा स्वभावाचा दोष नव्हे. आनुवंशिकता, ग्रंथींचे विकार, कांहीं औषधें हींही तिचीं कारणें असतात, आणि तेथें वैद्यासच विचारलें पाहिजे.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. पहाटेचें जातें हा कोणाचा छंद नव्हता. तो कष्ट होता, आणि तो सुसह्य व्हावा म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनीं ओवी रचली. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांवरून त्या कष्टाचें मोजमाप व्हावें. त्या बायकांस श्रमांत रंजन शोधावें लागलें. आपणांस रंजनांत श्रम शोधावे लागत आहेत. मधल्या काळांत ते श्रम नाहींसे झाले असेंही नाहीं. त्यांतले कांहीं यंत्रानें उचलले. उरलेले आपण केर-लादी करणाऱ्या बाईच्या अंगावर टाकले. ती सकाळपासून चार घरचे मजले चढते, आणि पुष्कळ इमारतींत तिला लिफ्टची मनाई असते. तिला छंदाची नव्हे, विश्रांतीची गरज आहे.

म्हणून आमच्या मतें मध्यमवर्गीय घरानें नवा छंद शोधण्यास बाहेर पडावें, परंतु त्याआधीं आपल्याच घरांत पहावें. स्वतःचें ताट घासणें, आठवड्यांतून एकदां लादी पुसणें, भाजीची पिशवी पायीं आणणें, ह्यांत कमीपणा नाहीं. मग फुगडी खुशाल घालावी, पक्षी पहावे, लेणीं चढावीं. आणि त्या बाईस लिफ्टनें येऊं द्यावें. जिना आपण चढावा.